अळणी रविवारचा लिंबूभात



रविवारी आमच्या घरात मिठाचा डबा उघडत नाही. सासरची ही रीत मी 1984 साली लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हापासून पाहते आहे. रविवारी मीठ, सोमवारी हिरवं, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही आणि शनिवारी तेल, असं वारानुसार एकेक सोडायचं. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी हे असेल, निदान आजीच्या तोंडून तरी ऐकलं असेल. सातही वार पाळणाऱ्या आमच्या घरात एकट्या आत्याबाई. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.) बाकीच्यांना रविवारची सक्ती नव्हती, पण चुलीवर दोन वेगळ्या आमट्या कोण करणार? त्यामुळे रविवारी सगळं घरच अळणी जेवायचं आणि पुरुषमंडळी हळूच लोणच्याची बरणी जवळ ओढायची.

माझं माहेर निपाणीचं. निपाणी म्हणजे मराठी बोलायचं आणि कानडी जेवायचं. कुठल्याही लग्नात, पूजेला, पाहुणे आले की आमच्याकडे चित्रान्न व्हायचं. मोकळा भात, वर शेंगदाणे, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची यांची फोडणी, लिंबू पिळायचं आणि कोथिंबीर पेरायची. पानात वरणभात असायचाच. हा त्याच्या शेजारी डावभर, तोंडाला चव यावी म्हणून. नातीच्या भाषेत साइड डिश. तिला तिकडे परदेशात तसलाच हिरवा लिंबू-कोथिंबिरीचा भात मिळतो म्हणे, फोडणीशिवाय. असेल बापडा.

नवी सून म्हणून पहिल्या दोन-तीन रविवारी मी गुमान अळणी आमटी गिळली. आत्याबाई भातावर दूध घेऊन जेवायच्या आणि त्यांचं बरं चालायचं. चौथ्या रविवारी मी माहेरचं चित्रान्न केलं, मीठ न घालता. लिंबू थोडं जास्त, कोथिंबीर दुप्पट. सासरे दोनदा मागून जेवले. आमचे हे तर म्हणाले, मीठ विसरली नाहीस ना गं? म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं.

आत्याबाईंनी मात्र एक घास घेतला आणि उरलेला भात बाजूला सरकवून ठेवला. पानात टाकायचं नाही म्हणून शेवटी संपवला, पण पुढच्या रविवारी मला आधीच सांगितलं, "तुम्ही करा तुम्हाला पाहिजे तर. मला नको. लिंबू मिठाची आठवण करून देतं बाई."

मला राग आला होता. मी कॉमर्सची पदवीधर, मला सगळं खात्यात बसवायची सवय. सहा रस कोणते? दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. त्यात लिंबू कुठे आहे? मग लिंबानं व्रत मोडतंय कसं? माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्या बाजूच्या. त्या म्हणायच्या, शास्त्रात जे सोडायला सांगितलंय ते सोडलं की झालं, आपण आणखी कशाला वाढवायचं? दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. नवव्या दिवशी नवव्या अध्यायात बाह्य तपं येतात. अनशन पहिलं, कमी खाणं दुसरं, आणि रसपरित्याग चौथा. म्हणजे रस सोडणं हे उपवासाच्या पंगतीला बसलेलं तप आहे, उपवासापेक्षा सोपं म्हणून दिलेली सवलत नव्हे. त्या अध्यायाच्या दिवशी पंडितजींचं विवेचन ऐकताना मला आत्याबाईंचं बोलणं थोडं थोडं समजायला लागलं. त्यांना मीठ सोडायचं होतं ते मिठाच्या आठवणीसकट. जीभ दुसऱ्या कशानं रमवली तर मग सोडलं काय? आणि तरीही मी रविवारचा लिंबूभात बंद केला नाही, कारण बाकीच्या सातजणांनी व्रत घेतलेलंच नव्हतं. त्या दूधभात जेवायच्या, आम्ही लिंबूभात. तीसएक वर्षं हे असंच चाललं आणि त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. आदित्यवाराचं व्रतही त्यांनी केलं होतं, पार्श्वनाथ भगवंतांचं, नऊ वर्षं, वर्षाला नऊ रविवार. त्या रविवारांना तर दूधभातही नसायचा.

आता त्या नाहीत. सहा वर्षं झाली.

हे सगळं आज सांगायचं कारण आमचे हे. गेल्या फाल्गुनात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली, संध्याकाळी पाय सुजायचे, बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. चार दिवस दवाखान्यात ठेवलं. हृदयाची पंप करायची ताकद कमी झालीय असं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्याही वर लिहून दिलं, मीठ दिवसाला चहाचा अर्धा चमचा, आणि त्यातच सगळं आलं.

"त्यातच सगळं" याचा अर्थ घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा कळला. आमच्याकडे एक किलोची पुडी दोघांना चाळीस दिवस जायची. म्हणजे माणशी दिवसाला साडेबारा ग्रॅम. वर पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी हे वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आम्ही धडधाकट असतानाच अडीचपट खात होतो! मी जुन्या वहीत दोन रकाने केले, एकात सकाळचं वजन, दुसऱ्यात दिवसभराचं मीठ. वजन रोज सकाळी एकाच वेळी बघायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी, तेव्हा लगेच फोन करायचा.

मैत्रिणींनो, या निमित्तानं दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते, कारण आपल्या बायकांत याबद्दल भलतेच समज आहेत. सैंधव चालतं असं मला किमान पाचजणींनी सांगितलं. चालत नाही. उपासाला, शुद्धतेला सैंधव आपण वापरतो ते ठीक, पण हृदयाच्या बाबतीत सैंधवही मीठच, त्यातही सोडियम तेच. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, त्यामुळे पापडाचं दुहेरी नुकसान. आणि ते कमी सोडियमचं मीठ मिळतं बाजारात, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. हृदयाच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी, किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर, रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढतं. आमच्या डॉक्टरांनी ते मीठ आणू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. तुमच्या घरी कोणाला असं काही असेल तर विचारल्याशिवाय ती पुडी उघडू नका.

तर मीठ गेलं आणि त्याबरोबर यांची जेवणावरची वासनाच गेली. साठ-पासष्ट वर्षं तांबडा झणझणीत कट खाल्लेला माणूस. ताटासमोर बसायचे, दोन घास इकडून तिकडे करायचे आणि उठायचे. मी म्हटलं, आत्याबाईंनी जन्मभर केलं की. तर म्हणाले, "आईनं सोडलं होतं. माझं काढून घेतलंय." याला काय उत्तर द्यायचं? खरंच होतं ते. स्वतःहून सोडलेलं आणि डॉक्टरांनी बंद केलेलं, ताटात दोन्ही सारखंच दिसतं, पण खाणाऱ्याला सारखं नसतं. चैत्रात वजनाच्या रकान्यात आकडा उतरत गेला आणि या वेळी ते पाणी उतरत नव्हतं, माणूस वाळत होता. एकदा शेजारच्या घरून पापड खाऊन आले. ओठाला तीळ लागलेला मी पाहिला. काही बोलले नाही, पण रात्रभर त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मी सवयीनं लिंबूभात केला. त्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्लं. मग माझ्या डोक्यात आलं की आत्याबाईंना जे लिंबू नको होतं, तेच याला पाहिजे. मिठाची आठवण करून देतं म्हणूनच. त्यांना आठवण सोडायची होती, याला आठवणीवरच दिवस काढायचेत. भात तोच.

तेव्हापासून मी तो नुसता रविवारपुरता न ठेवता पद्धतशीर बसवला. सांगते, दोघांपुरतं प्रमाण.

तांदूळ जुना घ्या. एक वाटी जुना कोलम. आजऱ्याचा घनसाळ किंवा आंबेमोहोर वासाला फार सुंदर, पण ते चिकट, त्यांचा वरणभातच चांगला. बाहेर लिंबूभाताच्या कृतीत सगळीकडे कालचा भात घ्या म्हणून सांगतात, कारण तो मोकळा असतो. आपल्याकडे रात्रीचं अन्न सकाळी चालत नाही, भाताची मर्यादाच सहा तासांची. म्हणून ताजाच भात मोकळा करायचा. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवायचा, दोन वाट्यांना किंचित कमी पाणी उकळून त्यात लिंबाचे चार थेंब आणि चमचाभर तेल घालायचं, मग तांदूळ. कुकर नको, झाकणाचं पातेलं घ्या. झाला की परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. कोमट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, शितं मोडतात.

कोथिंबिरीची पेंडी आधी नीट निवडायची, पान अन् पान उजेडात बघून. हे तुम्हाला सांगायला नको. मग दोन-तीन पाण्यांतून काढून कपड्यावर कोरडी करायची. ओली चिरली की तिचा वास पाण्यातच जातो. पानं वेगळी, कोवळे देठ वेगळे. देठ टाकू नका, खरा वास देठात असतो. देठ, दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा चमचा जिरं खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सरला हे प्रमाण लागतही नाही आणि पाणी सुटतं. पानं धारदार सुरीनं बारीक चिरून एक वाटी भरली पाहिजेत. वाटी दाबून भरा. एवढी कशाला म्हणून हात आखडलात तर अळणी भात अळणीच लागेल.

लिंबू कागदी, पातळ सालीचं, रसाळ. आंबटपणा रसात असतो पण लिंबाचा वास सालीत. म्हणून पिळण्याआधी लिंबू धुऊन, पुसून अर्ध्या लिंबाची पिवळी साल बारीक किसणीवर अलगद किसून घ्या. खालचा पांढरा भाग आला तर कडू होतं. ही किसलेली साल माझी भर. माहेरी कोणी घालत नव्हतं, पण मीठ नसताना नाकाला जास्त काम द्यावं लागतं.

आता फोडणी. दीड चमचा तेल, मोहरी, ती तडतडली की एक चमचा हरभरा डाळ, एक चमचा उडीद डाळ, मंद आचेवर तांबूस. मूठभर शेंगदाणे. (शेंग जमिनीखाली येते, मग चालते का, असं नव्या मुली विचारतात. ते कंदमूळ नव्हे, आपण खातोच.) हिंग जरा सढळ. कढीपत्ता. मग ठेचलेले देठ-मिरची, अर्धा मिनिट परतायचं आणि गॅस बंद. आलं आपण घालत नाही, त्याची उणीवही भासत नाही. हळद चिमटीची अर्धी, नुसत्या रंगाला, जास्त झाली तर मिठाशिवाय ती मातकट लागते. साखर अजिबात घालू नका. नेहमीच्या चित्रान्नात चिमूटभर चालते, पण मिठाशिवाय साखर पडली की भात सरबतासारखा होतो.

फोडणी भातावर ओतून हलक्या हातानं कालवायची. लिंबाचा रस यानंतर, आच नसताना. रस गरम कढईत पडला की वास उडतो आणि मागे कडसर चव राहते. मग साल, कोथिंबीर आणि शेवटी चमचाभर तीळ, खमंग भाजून जाडसर कुटलेले. मीठ नसलेल्या पदार्थाला काहीतरी दाताखाली यायला लागतं. डाळ, शेंगदाणा, तीळ हे तिन्ही त्यासाठीच. झाकून दहा मिनिटं ठेवा, मग वाढा.

बरोबर दही किंवा ताक वाढू नका, फोडणीत डाळी आहेत, द्विदल होतं. मी शेजारी मुगाची पातळ उसळ आणि भाकरी देते. भाकरीच्या पिठात आम्ही पूर्वीपासून मीठ घालत नाही, तेवढाच हिशोब वाचतो. अर्ध्या चमच्यातलं जे मीठ आहे ते सगळं मी उसळीत टाकते, भातात शून्य. सगळ्या पदार्थांत थोडं थोडं वाटलं तर एकही नीट लागत नाही, एकात पूर्ण घातलं तर तो एक तरी जेवल्यासारखा लागतो.

अडचण आली आषाढात. चातुर्मास लागला की आमच्याकडे पालेभाजी बंद, पावसाळ्यात पानांवर बारीक जीव फार. कोथिंबीर, कढीपत्ता दोन्ही कार्तिकापर्यंत घरात येत नाहीत. मी मनातून धास्तावले होते. महिना-दोन महिने कसंबसं जेवण रुळलेलं, त्यात आता चव जाणार. नेम माझा, यांनी पालेभाजीचा नेम कधी घेतलेला नाही, देवळातही सणावारीच जातात. म्हणून मीच म्हटलं, तुमच्यापुरती कोथिंबीर आणू का, आजारपण आहे, निवडून देईन मी नीट.

ते वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "नको. चार महिने तर आहेत."

मी स्वयंपाकघरात येऊन उगीचच डबे पुसत बसले.

त्या चार महिन्यांत धने कामाला आले. धने कोरडे भाजून, हाताला गरम लागत असतानाच जाडसर कुटायचे, दीड चमचा. पूड नको, भरड. बरोबर भाजलेलं जिरं, तीळ थोडे जास्त, लिंबाची साल तीच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य, म्हणून लिंबू आणि मिरचीही नाही. तेव्हा आमचूर अर्धा चमचा कोमट पाण्यात कालवून आणि मिरीची भरड. त्याला लिंबूभात म्हणता येणार नाही, पण धन्याचा वास कोथिंबिरीचा थोरला भाऊ असल्यासारखा असतो, गंभीर. यांना तो बरा वाटला. मला विचाराल तर कोथिंबिरीची सर नाही.

वही चालू आहे. श्रावणापासून वजनाचा आकडा एक-दीड किलोच्या आत खालीवर होतोय, पायाला सूज नाही, जिना मधे एकदा थांबून चढतात. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. मिठाच्या रकान्यात दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे, एक पुतणीच्या लग्नाचं आणि एक कुठलं ते त्यांनाच माहीत.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर कपिलतीर्थ मार्केटमधून मी कोथिंबिरीच्या दोन पेंड्या आणल्या, अगदी कोवळ्या, दव असलेल्या. परवाच्या रविवारी पहिल्यांदा भात हिरवागार झाला. हल्ली दिवस लवकर मावळतो, म्हणून साडेपाचलाच पानं घेतली. त्यांनी दोनदा वाढून घेतलं, पापड मागितला, मी ऐकलं नाही असं केलं. हात धुता धुता विचारलं, "उद्यापण हाच कर की."

म्हटलं, उद्या सोमवार, हिरवं नसतं. मंगळवारी करते.